घरटी गाव, माणशी कारभार

देवळाचा जीर्णोद्धार असो, जत्रेचा खर्च असो की वाडीच्या विहिरीतला गाळ काढायचा असो, दक्षिण कोकणातल्या गावबैठकीत पहिला प्रश्न येतो तो 'घरटी किती?' हा. माणशी किती, असे कोणी विचारत नाही. ज्या घराला वर्षाचे दहा महिने कुलूप आहे त्याचाही वाटा धरलेला असतो, आणि तो विरारहून, डोंबिवलीहून, पुण्याहून येतो. गावाच्या लेखी ते घर नांदते आहे. सरकारच्या लेखी तिथे कोणीच राहत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या लोकसंख्येचा आणि कारभाराचा सगळा प्रश्न या दोन हिशेबांच्या मधल्या जागेत आहे.

२०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ भरली. दहा वर्षांपूर्वी ती ८,६८,८२५ होती. राज्याची लोकसंख्या त्या दशकात जवळजवळ सोळा टक्क्यांनी वाढली आणि इथली १९,१७४ माणसे कमी झाली. शेजारच्या रत्नागिरीत घट याहून मोठी होती, १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९. महाराष्ट्रात या दोघांखेरीज आणखी एकाच जिल्ह्याची लोकसंख्या घटली आणि तो म्हणजे मुंबई शहर. ही तीन नावे शेजारी ठेवून पाहावीत. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहिला. त्याचे गाव आणि त्याची चाळ, दोन्ही एकाच दशकात रोडावली. त्याच दहा वर्षांत, पालघर वेगळा होण्यापूर्वीच्या अखंड ठाणे जिल्ह्यात एकोणतीस लाखांहून अधिक माणसे वाढली. ती सगळी कोकणातली नव्हेत. पण गणपतीच्या आदल्या आठवड्यात कोकण रेल्वेच्या गाड्या कुठे भरतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला चाळीतली खोली विकून कुटुंब कुठे गेले हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा आकडा स्त्री-पुरुष प्रमाणाचा. सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया आहेत, रत्नागिरीत १,१२२. राज्याचे प्रमाण ९२९ आहे. भाषणांतून हा आकडा कोकणच्या प्रगतीचा पुरावा म्हणून फिरतो, मला तो वाचन चुकल्याचा पुरावा वाटतो. शून्य ते सहा वर्षांच्या मुलांमध्ये याच दोन जिल्ह्यांत मुलींचे प्रमाण हजाराच्या बरेच खाली येते. म्हणजे इथे मुली जास्त जन्मत नाहीत, पुरुष बाहेर आहेत. मागे राहिलेल्या स्त्रियांत सासू आहे, विधवा आहे आणि मुंबईत खोली होईपर्यंत वाट पाहणारी सूनही आहे. भातलावणी, गुरे, सासऱ्याचे औषधपाणी आणि तलाठ्याकडचा हेलपाटा हे सगळे त्यांच्याच अंगावर पडते. शेतकरी म्हणून सातबाऱ्यावर मात्र त्यांचे नाव बहुधा नसते.

हे आजचे नाही. १८८०च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्येच इथून पलटणीत आणि मुंबईच्या कामावर जाणाऱ्या माणसांची दखल आहे. डोंगराळ जमीन, तुटपुंजे भात आणि त्यावर खोताचा वाटा, यांतून माणूस बाहेर पडला. गलबताने गेला, मग आगबोटीने, मग एस.टी.ने. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडले. तोवर मुंबईची वाट इतकी मळली होती की कुळाला जमीन मिळाल्यावरही मुलगा गिरणीतच गेला. मनीऑर्डरवर गाव चालायचे आणि गिरणी सुटल्यावर म्हातारा चाकरमानी गावी परतायचा. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपाने हा रिवाज मोडला. गिरणगावातले पुष्कळजण रिकाम्या हाताने गावी आले, आणि त्यांच्या मुलांनी पुढे उपनगरांत घरे केली. चाळीतली खोली तात्पुरती होती, वसईतला फ्लॅट कायमचा झाला. स्थलांतराच्या अभ्यासात हा फरक फार कमी लक्षात घेतला जातो. बाप गावाकडे पैसे पाठवत होता आणि निवृत्तीनंतर स्वतःही येत होता. मुलगा सणापुरता येतो.

जिल्हा म्हणून सिंधुदुर्ग जन्मला १ मे १९८१ रोजी. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना रत्नागिरीचे विभाजन झाले. त्यापूर्वी दोडामार्गच्या डोंगरातल्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी रत्नागिरी गाठावी लागे, म्हणजे एका कागदासाठी दोन-तीन दिवस जात. जिल्ह्याचे ठाणे सावंतवाडी, मालवण किंवा कणकवली यांपैकी कुठल्याही जुन्या गावाला न देता ओरोसच्या माळावर सिंधुदुर्गनगरी नावाने नवे वसवले. आज जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि सुमारे साडेसातशे गावे. २०११मध्ये नागरी लोकसंख्या तेरा टक्क्यांच्याही आत होती. गावामागे सरासरी काढली तर हजाराच्या आसपास माणसे येतात. पण ही सरासरी फसवी आहे, कारण इथले गाव सलग नसतेच. ते वाड्यांचे असते. गावठाणाभोवती दाटलेली घरे देशावर दिसतात. इथे एक वाडी नदीकाठी, दुसरी सड्यावर, तिसरी व्हाळापलीकडे, आणि मधे साकव वाहून गेला की पावसाळ्यात दोन्ही वाड्या परक्या. पाचशे उंबऱ्यांच्या एकसंध गावाला एक रस्ता, एक टाकी, एक शाळा पुरते. तेवढेच उंबरे बारा वाड्यांत विखुरले की सगळे बारा वेळा करावे लागते. कारभाराचा खर्च डोक्यांवर ठरत नाही, अंतरावर ठरतो. आपले बहुतेक शासकीय निकष मात्र डोकी मोजतात.

जनगणनेची यात चूक नाही, हे आधी सांगायला हवे. माणूस जिथे नेहमी राहतो तिथे त्याला मोजायचे ही तिची पद्धत, आणि विरारला राहणारा विरारमध्येच मोजला गेला पाहिजे. २०११ची प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. त्या वर्षी होळी १९ मार्चला होती. म्हणजे प्रगणक दारोदार फिरून गेला आणि तीन आठवड्यांनी गाव भरले. अडचण मोजणीत नाही. त्या एका आकड्याला पुढची दहा वर्षे ज्या ज्या कामाला जुंपले जाते तिथे आहे, आणि आता तर दहाची पंधरा झाली. २०२१ची जनगणना झालीच नाही, नवी २०२७मध्ये होते आहे. तोवर सगळा कारभार २०११च्या फेब्रुवारीत थांबलेला आहे.

प्रतिनिधित्व पाहा. ग्रामपंचायतीत दीड हजार लोकसंख्येपर्यंत सात सदस्य, तीन हजारांपर्यंत नऊ, असे करत साडेसात हजारांवर सतरा. सिंधुदुर्गातल्या बहुसंख्य पंचायती तळच्या दोन पायऱ्यांवर आहेत. बारा वाड्या आणि सात सदस्य असले की पाच वाड्यांचा माणूस पंचायतीत नसतोच. वर पाहिले तर २००१च्या जनगणनेवर आधारलेल्या आणि २००८मध्ये लागू झालेल्या मतदारसंघ पुनर्रचनेत जिल्ह्याचे विधानसभा मतदारसंघ चारांवरून तीनवर आले. लोकसभेचा राजापूर मतदारसंघ, ज्याने बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांना दिल्लीला पाठवले, तो नकाशावरून गेला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा एकच लांबलचक मतदारसंघ उरला. जी माणसे ठाण्याला गेली त्यांच्यासोबत आमदारकीही तिकडे गेली. लोकशाहीत हे न्याय्य आहे. पण डोंगर, समुद्र आणि जमीन ठाण्याला गेली नाहीत, आणि त्यांचे प्रश्न मांडणारे तोंड कमी झाले.

निधीचे गणितही तेच. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५पासून ग्रामपंचायतींना थेट पैसे द्यायला सुरुवात केली, ही फार चांगली गोष्ट झाली. राज्याराज्यांतल्या वाटणीत त्याने लोकसंख्येला नव्वद टक्के आणि क्षेत्रफळाला दहा टक्के वजन दिले. पंधराव्या आयोगानेही हेच प्रमाण ठेवले. खाली गावापर्यंत येताना लोकसंख्येचा हाच तराजू जड राहतो. आता दुसरी बाजू पाहा. बंद घराची घरपट्टी पंचायत आकारते आणि चाकरमानी ती भरतो; मे महिन्यात पंचायतीच्या खिडकीशी तो रांगेत उभा असतो. म्हणजे कर घेताना घर मोजायचे आणि अनुदान देताना माणूस. पथदिवा बंद घरासमोरही लागतो, पाणंद त्याच्या कुंपणाशेजारूनही जाते.

सगळ्यात उघडी विसंगती पाण्यात दिसते. जलजीवन मिशनची नळयोजना माणशी दिवसाला ५५ लिटर या मापाने आखली जाते. लोकसंख्या अर्थातच कायम राहणाऱ्यांची. गाव सर्वांत भरलेले असते ते मे महिन्यात, जेव्हा विहिरींनी तळ गाठलेला असतो. तीन माणसांच्या घरात चौदा झोपतात, त्या घराचा नळ तिघांच्या हिशेबाने येतो आणि टँकरची मागणी सुरू होते. मग वर्षभर राहणारी बाई आणि पंधरा दिवसांसाठी आलेला दीर यांच्यात घागरीवरून तंटा होतो. तो तंटा माणसांच्या स्वभावातून आलेला नसतो, योजनेच्या आराखड्यातून आलेला असतो.

आरोग्यात उपकेंद्राला सपाट भागात पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येचे माप आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने वस्ती जोडताना पाचशे लोकसंख्येची अट घातली, डोंगरी राज्यांसाठी अडीचशेची. महाराष्ट्र डोंगरी राज्य नाही, म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याची साठ उंबऱ्यांची वाडी कागदावर मराठवाड्याच्या पठारासारखीच. तिलारी खोऱ्यातल्या आजाऱ्याला आजही गोव्यातले बांबोळीचे रुग्णालय जवळचे वाटते. दोडामार्ग-सावंतवाडीची तरुण मुले रोज दुचाकीवर गोव्यात कामाला जातात आणि रात्री परत येतात. त्यांना गणनेत गाव मिळते, पण त्यांचा दिवस, त्यांचा आजार आणि त्यांचा अपघात दुसऱ्या राज्यात घडतो. दोन राज्यांच्या कारभारात या रोजच्या येण्याजाण्याला पुरते स्थान नाही.

शाळेबद्दल लिहिताना हात जड होतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एका किलोमीटरच्या आत देण्याचे वचन दिले आहे. विखुरलेल्या वाड्यांमुळे इथल्या शाळा लहान असणारच, त्यात घरात मूल एक किंवा दोन. पटसंख्या वीसच्या खाली, कुठे दहाच्या, कुठे पाचच्या. २०२३मध्ये अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सरकारने पुढे आणला आणि २०२४च्या संचमान्यतेच्या निकषांनी लहान शाळांचे शिक्षक आणखी धोक्यात आणले. पाच मुलांच्या वर्गात मुलांना स्पर्धा नाही, सोबत नाही, हा आक्षेप मला पटतो. पण शाळा गेल्यावर पुढे काय होते, हेही पाहिले आहे. पावसात व्हाळ ओलांडून सात वर्षांची पोर पाठवायला आई धजत नाही, ती पोरीला घेऊन तालुक्याला खोली करते, आणि वर्षभराने वाडीतले आणखी एक घर बंद होते. माणसे कमी म्हणून शाळा बंद, आणि शाळा बंद म्हणून माणसे कमी. निकष फक्त पहिली घट पाहतो; दुसरी तोच घडवतो, ते त्याच्या नोंदीत येत नाही.

जमिनीच्या कागदाने हा गुंता पुरा होतो. सिंधुदुर्गात एखादा सातबारा काढा, पंधरा गुंठ्यांवर वीस-पंचवीस नावे निघतील, त्यांतली काही वारलेल्यांची. वारसनोंद झालेली नाही, पोटहिस्सा पडलेला नाही, एक सहहिस्सेदार बडोद्याला, एकीचे सासर बेळगावला. १९९०पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड आली आणि सड्यांवर आंबा-काजू उभा राहिला, हे या जिल्ह्यातले फार मोठे काम. पण नुकसानभरपाईच्या वेळी कागद आडवा येतो. मे २०२१मध्ये तौक्ते वादळाने बागा झोपवल्या. पंचनामा झाडांचा झाला आणि पैशांसाठी संमती लागली ती सगळ्या नावांची. राबणारा एक, सही पंचवीस जणांची. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांचा कबुलायतदार गावकर प्रश्न याहून जुना आहे. सावंतवाडी संस्थानच्या काळी गावाने मिळून कसलेली जमीन पुढे कागदावर सरकारच्या नावे लागली, आणि संस्थान १९४८मध्ये विलीन झाले तरी जमिनीचा वाद गावाच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या राहिला. तिथेही मुळात 'गाव' नावाच्या सामाईक धन्याला महसुली कागदात रकाना नव्हता.

तलाठी आणि ग्रामसेवक ही दोन पदे आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी या नव्या नावांनी ओळखली जातात. नाव वाढले, माणूस तेवढाच. एकाकडे दोन-दोन, तीन-तीन गावे असतात. कुठल्या वारी तो कुठल्या गावात, हे वाडीतल्या म्हातारीला तोंडपाठ असावे लागते. सातबारा आणि दाखले ऑनलाइन झाल्याचा खरा लाभ मुंबईत बसलेल्या सहहिस्सेदाराला झाला. गावात राहणाऱ्या बाईला रेंजसाठी अजून सड्यावर जावे लागते. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२मध्ये संपल्यावर पुढे काही वर्षे तिथे प्रशासकच होता. वाडीच्या साकवाचे गाऱ्हाणे घेऊन ज्याच्या पडवीत जाऊन बसता येते असा सदस्य त्या काळात नव्हता. १९६१च्या कायद्याने, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून, महाराष्ट्राने जी जिल्हा परिषद उभी केली तिचे बळ याच जवळिकीत होते.

गावात आज नवी माणसेही आहेत, आणि त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. देवगडच्या आंबाबागांत राखणीला नेपाळी कुटुंबे राहतात, चिरेखाणींवर उत्तर कर्नाटकातले मजूर असतात, मच्छीमारी नौकांवर परप्रांतीय खलाशी. ती फेब्रुवारीत इथेच असतात, म्हणून मोजली जातात आणि गावाच्या आकड्यात भर घालतात. ग्रामसभेत मात्र ती नाहीत, मतदार यादीत नाहीत, 'घरटी'च्या हिशेबात तर नाहीतच. बंद घराचा मालक गावचा आहे पण मोजलेला नाही. उघड्या मांगरातला राखणदार मोजलेला आहे पण गावचा नाही. अंगणवाडीत त्याचे मूल बसते तेवढीच त्याची गावाशी ओळख. गावाने चाकरमान्याला जसे सांभाळले तसे याला सामावून घेतले नाही, हा दोष आपलाच आहे आणि तो कुठल्याही निकषावर ढकलता येणार नाही.

एवढे असूनही लहान गावांचा हा जिल्हा कारभारात मागे नाही. २०१६मध्ये ग्रामीण स्वच्छतेच्या देशपातळीवरच्या पाहणीत हिमाचलचा मंडी आणि आपला सिंधुदुर्ग अव्वल ठरले. २०२०च्या टाळेबंदीत मुंबईहून माणसांचे लोंढे आले, तेव्हा सरपंच, पोलीस पाटील, आशाताई आणि शाळामास्तर यांनी मिळून शाळांच्या खोल्यांत त्यांची सोय केली. तेव्हा काही गावांत चाकरमान्याला वेशीवर अडवले गेले आणि मने दुखावली, हेही विसरता येत नाही. पण 'गावची माणसे कोण' हा प्रश्न त्या दिवसांत पहिल्यांदा कागदावर आला. पंचायतींनी घरनिहाय याद्या केल्या: कोण कुठे असतो, कोण आला, कुठल्या घरात किती खोल्या आहेत. आपली खरी वस्ती इतकी नेमकी याआधी कुठल्याच यंत्रणेकडे नव्हती. साथ सरली आणि त्या याद्या कपाटात गेल्या.

त्या पुन्हा बाहेर काढाव्यात, असे माझे म्हणणे आहे. जनगणनेला पर्याय म्हणून नव्हे, तिच्या जोडीला. पंचायतीने दरवर्षी मे महिन्यात आणि गणपतीत, दोनदा, घरटी नोंद करावी: किती घरे उघडी, किती बंद, कुठल्या वाडीत, आणि सणाला किती माणसे. पाणी, वीज आणि कचरा यांची योजना या वरच्या आकड्यावर आखावी. राज्य वित्त आयोगाने खाली निधी वाटताना लोकसंख्येचे वजन उतरवून वाड्यांची संख्या, त्यांच्यातले अंतर आणि घरपट्टी भरणारी घरे यांना वजन द्यावे. शाळेचा निकष पटावर न ठरवता पुढच्या शाळेपर्यंतच्या पावसाळी वाटेवर ठरवावा. यातले काहीही घटनेबाहेरचे नाही. बरेचसे तर शासन निर्णयाने होण्यासारखे आहे. यावर एक खरा आक्षेप आहे, तो असा की मतदार इथे नसलेल्या घरांसाठी राहणाऱ्यांचा निधी का खर्चावा? त्याला उत्तर घरपट्टीच्या पावतीत आहे, आणि याहून मोठे उत्तर मागे राहिलेल्या बाईजवळ आहे. वाडीत तिचे एकटीचे घर उघडे असले तरी तिथपर्यंतचा रस्ता, तार आणि पाइप शेजारची सात बंद घरे ओलांडूनच येते.

मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला गावपळणीची प्रथा आहे. ठरावीक वर्षांनी, रामेश्वराचा कौल घेऊन, सगळे गाव गुरेढोरे, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जाते आणि तीन दिवस-तीन रात्री झोपड्यांत राहते. घरे रिकामी, देऊळ सुने. चौथ्या दिवशी पुन्हा कौल होतो आणि माणसे परततात. त्या तीन दिवसांत आचरे गाव नाहीसे झाले, असे कोणीही म्हणत नाही.

नव्या जनगणनेचे प्रगणक फेब्रुवारी २०२७मध्ये वाड्यावाड्यांतून फिरतील. शेजारणीला विचारतील, ''ह्या घरात कोण रवतत?'' ती सांगेल, ''मुंबयक आसत. शिमग्याक येतले.'' त्या वर्षी शिमगा मार्चच्या उत्तरार्धात आहे. तेव्हा कुलपे निघतील, खळी सारवली जातील, आणि देवळाच्या पायरीवर वहीत घरटी वर्गणी लिहून घेणारा खजिनदार एकेका घराचे नाव वाचत जाईल.